वनाचा अंगठा

१२ मार्च, जळगाव

पोचलो एकदाचे. सामानाचे सतरा डाग, पैकी एक गळका, तो अर्थातच लोणच्याचा. मनमाडला मी चहा आणायला उतरले आणि गाडी हलली. मिळेल त्या डब्यात चढले आणि आतून वाट काढत आमच्या जागेपर्यंत येईस्तोवर चाळीसगाव जवळ आलं होतं. श्रीपादने तोवर "केतकी, केतकी" करून अख्खा डबा डोक्यावर घेतला होता. मला लबाडी सुचली. काही न बोलता समोर बसले आणि नुसता हात त्याच्या हातात दिला. त्याने माझा अंगठा चाचपला, कुकरच्या झाकणाने भाजल्याचा जुना व्रण त्याला सापडला, आणि त्याने शेजाऱ्यांना जाहीर केलं की शोधाशोध थांबवा, आमची मंडळी आली. लोक हसले. श्रीपादला जन्मापासून दिसत नाही. बारा वर्षांच्या संसारात मी रुसून गप्प बसले की तो असाच व्रण शोधून काढतो आणि माझा रुसवा तिथेच फुकट जातो.

जागा छान आहे. शहर संपता संपता धुळे रस्त्याला एका जुन्या डाळमिलचं आवार. मालक पारसजी, वय एकतीस, घराण्याची जळगावात आणि धुळ्यात सोन्याची दुकानं. डाळमिल कधीच बंद पडली. तिच्या गोदामात त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आहे आणि ती मी चालवायची आहे. आम्हाला वरच्या दोन खोल्या, गच्ची, आणि खाली अंगणात घरची विहीर. मिरजेत मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांची कामं केली. इथे दारावर माझ्या नावाची पाटी आहे. श्रीपादने तिच्यावर बोट फिरवून खात्री करून घेतली आणि अक्षरं उगाच मोठी आहेत असं मत दिलं.

त्याचं काम त्याच्याबरोबर कुठेही येतं. तो ब्रेल पुस्तकांची मुद्रितं तपासतो. पुण्याहून पोस्टाने गठ्ठे येतात, हा खिडकीत बसून दिवसाला चाळीस पानं बोटांनी वाचतो आणि चूक सापडली की तिथे मेणाचा ठिपका लावतो. डावं बोट वाचतं, उजवं पुढची ओळ धरून ठेवतं. आल्या आल्या त्याने खिडकी निवडली, वाऱ्याची.

१६ मार्च

आज पारसजींनी काम पुन्हा एकदा सोप्या भाषेत सांगायला लावलं. त्यांना ते गिऱ्हाइकांना सांगायचं आहे. मी सांगितलं ते असं.

एक केस घ्या. त्याच्या जाडीचे ऐंशी हजार भाग करा. त्यातला एक म्हणजे एक नॅनोमीटर. दहा-बारा नॅनोमीटरवर एकेक ठिपका अशी नक्षी सोन्यावर काढायची, तर कुठलंही हत्यार जाडच पडतं. मग आपण काढायचीच नाही, जंतूंकडून काढून घ्यायची. काही जंतूंच्या अंगावर प्रथिनाचं कवच असतं, सारख्या विटांची भिंत असावी तसं. या विटा सुट्या करून पाण्यात सोडल्या तरी त्या मिळेल त्या पृष्ठभागावर आपल्या आपण रचल्या जातात, एकीला एक लागून, मध्ये सारखी भोकं ठेवत. कुणी सांगावं लागत नाही, फक्त पाण्यात थोडा क्षार हवा, कॅल्शियमचा. ठरावीक भोकांत सोन्याचे कण बसवले की त्या दागिन्याची खूण तयार. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिची नक्कल करता येत नाही.

असं सर्वांत रेखीव कवच असलेला जंतू याच आवारातल्या विहिरीत निघाला. पारसजींनी मागच्या वर्षी पाण्याचा नमुना मिरजेला पाठवला होता, म्हणून तर आमची ओळख. मी त्याच्या विटेला एक शेपूट जोडून दिलं आहे, त्यामुळे ती सोन्याला घट्ट धरते. सोन्याला, काचेला, कशालाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

नक्षी बघायला आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यात भिंग नाही, सुई आहे. ती पृष्ठभागावरून सरकते आणि उंचसखल चाचपून चित्र काढते. हे ऐकून श्रीपाद म्हणाला की एवढं महागाचं आंधळं यंत्र घेण्यापेक्षा मी स्वस्तात आलो असतो.

२१ मार्च

आज पहिलं भांडण, आणि तेही वाफेच्या कुकरवरून.

काम झालं की उरलेले जंतू मोठ्या कुकरमध्ये वाफेवर मारायचे, हा सगळीकडचा नियम. पारसजींच्या आजी तारादेवी, ज्यांना सगळे बाईसा म्हणतात, त्यांच्या कानावर तो आज गेला. ऐंशीच्या पुढचं वय, पण आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला बोलावून विचारलं की जीव मरू नये म्हणून आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि त्याच आवारात तुम्ही रोज कोट्यवधी जीव उकळणार का. पारसजींनी त्यांना, जीवबीव काही नाही, नुसतं रसायन आहे, असं सांगून ठेवलं होतं. त्यांची मान खाली.

या घरात पाणी गाळायची एक रीत आहे. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर जे राहील ते फेकायचं नाही. त्यावर थोडं पाणी ओतून ते वाटीत उतरवायचं आणि बादलीने अलगद त्याच विहिरीत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. तीस वर्षं हे काम वना करतो. साक्रीच्या पलीकडचा, साठीचा, अंगाने काटक. मला समजावून देताना म्हणाला, "त्यामा जीव शेतस, ताई. जठून लयनात तठेच सोडना."

मग मीच तडजोड काढली. उरलेले जंतू गाळून वनाला द्यायचे, त्याने जिवाणीबरोबर विहिरीत सोडायचे. विहिरीतलेच तर आहेत. माझी शेपूटवाली जात बाहेर तगत नाही, आठवड्यात संपते, असं मी बाईसांना सांगितलं. मला तसं वाटत होतं, तपासून पाहिलं नव्हतं. नोंदवहीत 'वाफेने नष्ट केले' असं लिहून सही ठोकली. बाईसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अडून बसले असते तर काम बंद पडलं असतं आणि आम्ही पुन्हा मिरजेला. मला नाही जायचं मिरजेला.

४ एप्रिल

जमलं. सोन्याच्या पत्र्यावर सुईने काढलेलं चित्र आज दुपारी आलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. चौकोनाला चौकोन लागून, क्षितिजापर्यंत. एकही वीट वाकडी नाही. आखाजीला, म्हणजे इकडच्या अक्षय्य तृतीयेला, शंभर दागिने या खुणेसह विकायचे, असं पारसजींनी जाहीर केलं. बाईसांनी खोबऱ्याची वडी पाठवली. श्रीपादने चित्र कसं आहे ते विचारलं तर मी त्याच्या तळहातावर बोटाने जाळी काढून दाखवली.

१० एप्रिल

सकाळी चहा पिताना श्रीपादने विचारलं की पेला बदललास का. नाही म्हटलं. तो बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिला. म्हणाला, यावर काहीतरी आहे. खरखरीत नाही, गुळगुळीतही नाही. कुणी खूप बारीक लिहावं आणि त्यात अक्षरच नसावं, तसं. मी त्याला चिडवलं की मुद्रितं तपासून तपासून तुला आता भांड्यांतही चुका दिसायला लागल्या.

पण राहवेना. दुपारी पेला फोडून एक तुकडा सुईखाली ठेवला.

तीच जाळी. चौकोनाला चौकोन.

माझे हात नीट धुतले गेले नसतील, दुसरं काय. श्रीपादला सांगितलं की तुझं बोट खरंच यंत्राच्या तोडीचं आहे. तो दिवसभर खुशीत होता.

१७ एप्रिल

प्रयोगशाळेच्या दाराला हजेरीचं यंत्र आहे. अंगठा लावला की ते नाव बोलतं आणि दार उघडतं. आज त्याने वनाला आत घेतलं नाही. "मना अंगठा लेत नही ते," म्हणून तो उन्हात तसाच बसून राहिला होता. रेशनच्या दुकानातही परवा त्याला परत पाठवलं म्हणे. दोर ओढून ओढून रेषा झिजल्या असतील. पारसजींनी त्याच्या अंगठ्याची नव्याने नोंद केली आणि यंत्र "वना" म्हणालं. तो लहान मुलासारखा हसला.

उन्हाचा पारा चव्वेचाळीस. इथले लोक त्याचं कौतुक सांगतात, जणू पाळलेला वाघ आहे.

२३ एप्रिल

मी अंगठा लावला. यंत्र "वना" म्हणालं.

पुन्हा लावला. पुन्हा "वना". दार उघडलं. मागून पारसजी आले, त्यांनी लावला, तरी "वना". ते हसले आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन करायला गेले. मी हसले नाही. खिडकीशी जाऊन अंगठा उजेडात धरला. रेषा होत्या, पण पुसट, आणि त्यांवर पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसते तशी झाक. चिकटपट्टीने वरची कातडी उचलली आणि सुईखाली घातली. अर्ध्या तासाने चित्र आलं. सोन्यावर जेवढी रेखीव आली होती तेवढीच रेखीव.

मग विहिरीचं पाणी तपासलं. माझी जात आठवड्यात संपणारी नाही. ती वाढली आहे. तिथे तिला हवा तेवढा क्षार आहे, आणि रोज सकाळी वनाच्या हाताने तिच्यात नवी भर पडते आहे. त्याच पाण्यात आम्ही सगळे आंघोळ करतो, तेच पितो. यंत्र माणसं ओळखायला चुकलेलं नाही. आमचे अंगठे आता एकच आहेत. वनाची नोंद सर्वांत नवी, म्हणून नाव त्याचं.

मला भीती वाटते, आणि ती माझ्यासाठी नाही. कातडीवर हे बसलं म्हणजे खालच्या कातडीला वरचं कळणं कमी होणार. मला बोटं नसली तरी चालेल. श्रीपादला बोटांशिवाय काय आहे?

आजपासून जंतू गुपचूप वाफेवर मारते आहे. पारसजींना आता सांगितलं तर आखाजीचा माल अडेल आणि नोंदवहीतली सही बाहेर येईल. आधी उपाय शोधते, मग सांगते. बाजारातून पाण्याचे दोन जार आणले. ते श्रीपादला. माझ्यासाठी विहीर आहेच, मला जे व्हायचं ते झालेलंच आहे.

२७ एप्रिल

श्रीपादने आज सव्वीस पानं वाचली. परवा तेहतीस होती. एक ओळ तीनदा वाचली आणि मग म्हणाला की हल्ली छापणारे ठिपके उथळ काढतात, कागद हलका लावला असेल. पुण्याला कडक शब्दांत कळवायला सांगितलं. मी पत्र लिहून घेतलं. पाठवलं नाही. ते पान माझ्या बोटांनाही गुळगुळीत लागलं, पण डोळ्यांना ठिपके सगळे जागेवर दिसत होते.

३० एप्रिल, आखाजी

वाड्यावस्त्यांवर झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणताहेत, माहेरवाशिणी आल्यात. दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती म्हणे. शंभरही दागिने गेले, चाळीस इथे, साठ धुळ्याला.

आणि बाईसांनी रस्त्यावर पाणपोई घातली. दर वर्षी आखाजीला घालतात. मला आज कळलं. सकाळी गच्चीवरून पाहिलं तर लाल कापड गुंडाळलेले आठ रांजण, ट्रॅक्टरवाले, शाळेतली पोरं, केळीच्या ट्रकवरचे हमाल, सगळे ओंजळी धरून उभे. पाणी विहिरीचं. वनाने पहाटे दुहेरी फडक्यातून गाळलेलं. फडक्यातून वीट जाते. फडक्यातून वीट हजारांनी जाते.

मी खाली धावत गेले. बाईसांनी मला पाहून पहिला पेला माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, पुण्याईचं काम आहे, तुम्हीही चार लोकांना पाजा. लोक बघत होते. मी त्या पेल्याने पाणी वाटलं. हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण नंतर मी ते नाकारीन असं मला वाटतं.

वना दुपारच्या एस.टी.ने गावी गेला. जाताना म्हणाला, "ताई, आंगले पानी लागत नही. व्हयी बरं."

३ मे

उपाय सापडला! क्षार काढून घेतला की विटा सुटतात, हे तर पाठ्यपुस्तकात आहे. लिंबू क्षार धरतं. डझनभर लिंबं पिळली, बाटलीतल्या शुद्ध पाण्यात श्रीपादचे हात अर्धा तास बुडवून ठेवले. तो म्हणत होता की माझं लोणचं घालतेस का. मग हात पुसून पान दिलं.

पहिलं बोट ओळीवर ठेवताच त्याचा चेहरा बदलला. सलग चार पानं वाचली, मोठ्याने. पाचव्यावर चूक सापडली आणि त्याने मेणाचा ठिपका अगदी जागेवर लावला. मी न्हाणीत जाऊन रडले.

त्याला तेव्हाच सगळं सांगितलं. विहीर, सही, पाणपोई. त्याने पान मिटून ठेवलं. मग म्हणाला की बाईसांना सांग. आजच सांग. मी उद्या म्हटलं.

५ मे

लिंबाचा उतारा आधी टिकला चार तास. मग दोन. आज चाळीस मिनिटं.

बाहेरून येत नाहीये ते. लिंबाने वरची जाळी सुटते, पण घामातही क्षार आहे, रक्तातही आहे. जंतू आता घामाच्या छिद्रांत बसले आहेत आणि खालून विटा पाठवताहेत. जिथून सोलते तिथे नवी येते, आधीपेक्षा रेखीव.

आणि पाणी लागत नाही. वनाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. अंगावर तांब्या ओतला की पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं खाली जातं, कातडी कोरडी. तोंडात घोट घेतला तर जिभेवर गोळी होऊन फिरतो. गिळता येतो, पण जीभ ओली होत नाही. तहान तशीच.

बाहेर पंचेचाळीस. आज दिवसभर मला घाम आला नाही.

७ मे

साक्रीहून फोन आला. वना गेला. शेतात बसल्या बसल्या. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. या दिवसांत चार माणसं जातातच, असं त्याचा भाऊ म्हणाला. त्याला रडताही येईना, नुसता बोलत राहिला.

पारसजींना सांगायला प्रयोगशाळेत गेले. अंगठा लावला. यंत्र म्हणालं, "वना". दार उघडलं.

८ मे

बाईसांना सांगितलं. सगळं. त्या जपमाळ धरून बसल्या होत्या. मणी बोटांना लागत नाहीत म्हणून त्या चार दिवस डोळ्यांनी बघून जप करत होत्या, कुणाला बोलल्या नव्हत्या. ऐकून घेतलं. एकच विचारलं, तुम्ही सांगितलं होतं ना, आठवड्यात संपतात? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मी तुमच्यावर विसंबले.

त्यांनी त्यांची रीत पाळली. माझी मी मोडली. एवढंच झालं, आणि सगळं झालं.

रांजण त्यांनी स्वतः उठून पालथे घातले, एकेक. रस्त्यावरचे लोक चिडले. आठ दिवस — आठ दिवस लोक प्यालेत.

पारसजी धुळ्याच्या दुकानी आहेत. फोनवर त्यांचा आवाज घोगरा होता. म्हणाले, त्यांचा मोबाईल अंगठा घेत नाही, आणि दुकानातले दोघं जण उन्हाने आडवे झालेत. मी कारण सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१० मे

दवाखान्यात गेलो. व्हरांड्यातही खाटा. सगळे उष्माघात. कुणी घामेजलेलं नाही — एकही कपाळ नाही.

डॉक्टरांना जंतूचं सांगितलं, चित्रं दाखवली. ते सोळा तास उभे होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि नर्सला सांगितलं की ह्यांनाही सलाईन. श्रीपादला सुई लावली, पण ती धरून ठेवायची पट्टी चिकटेना. दुसरी, तिसरी. सुई घसरून बाहेर. नर्स घाबरून त्याच्या हाताकडे बघत राहिली, मग आपल्या हातांकडे.

परत आलो. प्रयोगशाळेत थंड हवेचं यंत्र आहे. तिथेच राहू. घाम नसला तरी हवा थंड असली की —

माझाही आवाज बसत चाललाय. श्रीपादचा चांगला आहे. जारचं पाणी त्याने पंधरा दिवस प्यायलं, म्हणून. एक तरी गोष्ट मी बरोबर केली.

१२ मे

शाई कागदावर थांबत नाही. हात लागला तिथे थेंब होऊन पळते. पेन्सिलने लिहिते.

बाईसांना जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आवारात आम्ही दोघंच.

सकाळी श्रीपादने पान घेतलं. बोट फिरवलं, फिरवलं. मग पान उलटं करून पाहिलं. मला म्हणाला की यावर काही छापलेलंच नाहीये ना? — मी हो म्हटलं. कोरं आहे म्हटलं. पान भरलेलं होतं.

तीन लिंबं उरली. बाजारात नाहीत. सगळं गाव सरबत करतंय.

दुपारी अडीचला वीज गेली.

१३ मे

वीज नाही. रस्त्यावरचा ट्रान्स्फॉर्मर जळाला, उद्या येतील म्हणाले. दारं-खिडक्या ओल्या चादरींनी — चादर ओली होते. आम्ही नाही.

श्रीपादला म्हटलं, मदत आणायला जाते. तेच शेवटचं नीट बोलले. फाटकापर्यंत गेले, रस्ता पांढरा, पाय उचलेना. परत आले. त्याला सांगायला तोंड उघडलं तर — हवा. नुसती हवा.

लिंबू चोखलं. जीभ जरा सुटली, घसा नाही. लिंबू तिथवर पोचत नाही.

त्याला वाटतंय मी गेलेय. मदत घेऊन येईन.

मी त्याच्या शेजारी बसलेय.

१४ मे, सकाळ

ताट वाजवलं. तो दचकला, कोण आहे म्हणाला. पुन्हा वाजवलं — भिंतीला टेकून बसला, काठी पुढे धरून.

मोबाईलवर लिहिलं तर तो बोलून दाखवेल — पडदा माझं बोट ओळखत नाही. पेन्सिलीने, नाकाने — नाही. आता तोही बंद.

हात धरला त्याचा. दोन्ही हातांनी. त्याला कळलंच नाही की कुणी धरलंय. मग हललं तसं चाचपून — माझा हात उचलला आणि बाजूला ठेवला. अलगद. पेला ठेवावा तसा.

श्रीपाद, मी आहे.

दुपार

तो हाक मारतोय. "केतकी." थांबतो. ऐकतो. "केतकी."

गाडीतल्यासारखा.

माझी चूक श्री माझीच सगळी — तुला इथे आणलं —

अर्धं लिंबू आहे. त्याच्या जिभेवर पिळलं तर घोटभर पाणी तरी लागेल त्याला. नाहीतर — बोट. एक बोट. चाळीस मिनिटं आता नाहीत, पाच असतील.

तो पाणी मागत नाही. मला मागतोय.

पिळलं. त्याच्या डाव्या बोटावर, वाचायच्या. उरलं ते माझ्या अंगठ्यावर. चोळलं. चुरचुरलं — मला कळलं, चुरचुरलं —

पेन्सिल धरवत नाही घसरते

हात दिला. उजव्याने लिहिते. तो थांबला. हाक थांबली. बोट फिरवतोय, हळू, ओळ वाचावी तसं. तळवा. मनगट. परत. अंगठ्याशी आला. व्रण शोध